जुनं इंजिन हलवताना: आधी आत हात घालून बघा

वाफेचं जुनं इंजिन ट्रेलरवरून जाताना बघितलं की वाटतं, खरी कसरत रस्त्यावरच असणार. माझी पहिली फजिती मात्र गाडी जागची हलण्याआधीच झाली.

टेंडर, म्हणजे इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी, उचलायचं होतं. जुन्या ड्रॉइंगवर रिकामं वजन होतं, त्या हिशेबाने क्रेन मागवली. स्लिंग, म्हणजे उचलायचे दोर, ताणल्या, चाकं अजून रुळावरच, तोवर क्रेनचा जादा वजनाचा भोंगा वाजायला लागला. टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारली तर आत पावसाचं पाणी आणि त्याखाली गंजाचा गुडघाभर गाळ. निचऱ्याचा नळ कधीचाच बुजलेला. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, गाळ त्याहून जड. पुढचे दोन दिवस घमेल्यांनी उपसा चालला.

तेव्हापासून टाकी, बॉयलर, राखेचा खण आधी स्वतः उघडून बघतो. बॉयलरवरच्या जुन्या लेपाला मात्र हात लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक असे तंतू, असू शकतं, ते काढणारी माणसं वेगळी असतात.

क्रेनच्या नावातल्या आकड्यालाही भुलू नका. १०० टनी क्रेन १०० टन उचलते ती बूम, म्हणजे तिचा लांब हात, अगदी जवळ असताना. हात लांबला की ताकद झपाट्याने घटते.

स्लिंग मुख्य फ्रेमलाच. नवखे हमखास बाजूची पायफळी धरतात, ती वाकते. आणि उचलण्याआधी चाकं फ्रेमला साखळ्यांनी आवळा. स्प्रिंगवरचा भार गेला की ती खाली लोंबतात, ट्रेलरवर टेकवताना भलतीकडे बसतात.

रस्त्याचं थोडक्यात: उंची ट्रेलरसकट मोजा, चिमणी बहुधा उतरवावीच लागते. वळणं स्वतः फिरून बघा.

नव्या जागी रूळ आधीच टाकलेले हवेत, आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, मोजून. १००० मिमीचं इंजिन १०६७ मिमीच्या रुळांवर बसत नाही, पण नुसत्या नजरेला ते कळत नाही.

सुट्या भागांना क्रमांक ठोकलेले पत्र्याचे बिल्ले बांधा. कागदाच्या चिठ्ठ्या तेलात भिजून खराब होतात. माझ्या कपाटात अजून एक डबा आहे: सात बोल्ट, कुठले ते कोणालाच माहीत नाही.