ट्रीट, क्युअर की हील? परदेशी निघालेल्या नर्सेससाठी

मिरजेत मी नर्सिंग झालेल्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. बरेच जण ओईटी, म्हणजे डॉक्टर-नर्सेससारख्यांसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा, देऊन ब्रिटनला जायच्या तयारीत असतात. व्याकरण बेताचं असलं तरी निभतं, गाडी अडते ती जवळजवळच्या शब्दांपाशी. दोन इंग्रजी शब्दांपुढे एकच मराठी अर्थ लिहिला गेला, की मी त्यांना तिथेच थांबवते.

ट्रीट, क्युअर आणि हील घ्या. वह्यांमध्ये तिन्हींपुढे ‘बरं करणे’ लिहिलेलं असतं. अर्थ बाजूला ठेवा आणि विचारा: हे कोण करतं आणि कशाचं? ट्रीट डॉक्टर-नर्स करतात, पण पेशंट बरा झाला का, यावर हा शब्द गप्प असतो. म्हणून ‘ही वॉज ट्रीटेड फॉर टीबी’ वाचून टीबी गेला असं धरू नका. क्युअर म्हटलं की आजार गेलेला असतो. हीलचा कर्ता बहुधा जखम किंवा हाड असतं: ‘द वूंड इज हीलिंग वेल’. जखम भरून येते, हाड जुळून येतं, टीबी मात्र भरून येत नाही. हा फरक तुमच्या मराठीला आधीच ठाऊक आहे, त्याचा उपयोग करा.

इंजरी आणि वूंडचंही तसंच. मुका मार लागला तर ती इंजरी. रोजच्या इंग्रजीत वूंड म्हणायला सहसा कातडी फाटलेली लागते.

काही ठिकाणी तर्क चालत नाही, तिथे शब्दाचा शेजारी पाहायचा. हेडेक, टूथेक, बॅकेक ठीक, पण छातीत दुखलं तर चेस्ट पेनच. का, याच्या मागे लागू नका, जोडी पाठ करा.

सिक आणि इलबाबत मी फार आग्रही आहे, कारण इथे चूक झाली तर नोंदच बदलते. ब्रिटनमध्ये पेशंट ‘आय फील सिक’ म्हणाला तर बहुधा त्याला मळमळतंय. ‘ही वॉज सिक ॲट नाइट’ म्हणजे रात्री उलटी झाली. नुसतं आजारी म्हणायचं असेल तर इल किंवा अनवेल वापरा. पण ‘ऑफ सिक’ म्हणजे आजारपणाच्या रजेवर, तिथे उलटीचा संबंध नाही. आणि आजारी मूल सांगताना सिक चाइल्डच म्हणतात, कारण नामाच्या आधी एकटा इल फारसा येत नाही.

‘चक्कर येते’ हे तर शब्द निवडण्याआधी पेशंटलाच विचारायचं. आजूबाजूचं गरगरतंय? मग डिझी. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडेन असं वाटतंय? मग फेंट.

शेवटी इंग्रजी शब्दांचे थर पाहा. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्यामागून फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीक शब्द आणले. म्हणून एकाच गोष्टीला घरचा आणि दरबारी असे दोन-दोन शब्द सापडतात. आपल्याकडेही घोटभर पाणी मागतात आणि खात्याला जलसंपदा म्हणतात. ओईटीत बोलण्याच्या परीक्षेत समोर पेशंट किंवा त्याचा नातेवाईक असतो: तिथे हाय ब्लड प्रेशर, इचिंग, ब्रूज. दुसऱ्या डॉक्टरला लिहायच्या पत्रात हायपरटेन्शन शोभतं. पेशंटपुढे जड शब्द वापरला की गुण वाढतात, हा समज कृपा करून सोडा.

वहीत अर्थाचा रकाना ठेवूच नका. डावीकडे शब्द लिहा, उजवीकडे वॉर्डात खरंच बोलता येईल असं एक पूर्ण वाक्य. मग त्या वाक्यात जोडीचा दुसरा शब्द घालून पाहा. चाललं नाही तर का नाही, ते खाली मराठीत लिहा. शब्दकोश घ्यायचा तो इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला, ज्यात प्रत्येक शब्दाखाली वाक्यं असतात.