विद्यापीठाच्या कलादालनात लोकसहभागाचे प्रदर्शन कसे उभारावे

बडोद्यासारख्या शहरात चित्रकार, शास्त्रज्ञ, अभियंते आणि रहिवासी यांचे एकत्र प्रदर्शन भरवायचे असेल, तर कलाकृतींची यादी करण्याआधी प्रश्न ठरवावा, आणि तो ज्यांच्या जगण्यातून येतो त्यांच्याबरोबर बसून ठरवावा. विषय संयोजकाने आधीच निवडून नंतर वस्तीतील लोकांना फक्त वस्तू आणि आठवणी द्यायला बोलावले, तर तो सहभाग उरत नाही. ती केवळ सामग्री गोळा करणे होते.

उदाहरणासाठी बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री नदी घेऊ. ऑगस्ट 2024 च्या पुरात शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले आणि नदीतील मगरी वस्त्यांपर्यंत पोहोचल्या. या एका घटनेकडे प्राणिशास्त्राचा अभ्यासक मगरींच्या अधिवासाच्या दृष्टीने पाहील, स्थापत्य अभियंता नदीच्या पात्राच्या आणि बांधकामांच्या, तर तळमजल्यावर राहणाऱ्या गृहिणीला कपाटातल्या कागदपत्रांचा लगदा आठवेल. हे तिघे आणि एखादा मुद्राचित्रकार (ठशांवरून चित्रे छापणारा कलाकार) एका टेबलाभोवती बसले की प्रश्न बदलतो. ‘पूर का आला’ याऐवजी ‘नदीची जागा कोणी आणि कधी घेतली’ असे कोणीतरी विचारते, आणि प्रदर्शनाला तेथून दिशा मिळते. या बैठकांसाठी किमान दोन महिने ठेवावेत आणि त्यांपैकी निम्म्या तरी वस्तीतच घ्याव्यात.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना 1949 मध्ये झाली, त्यानंतर वर्षभराने ललितकला विद्याशाखा आणि 1952 मध्ये संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला. चित्रकला, संगीत-नृत्य, पुरातत्त्व आणि वस्तुजतन यांची जाणकार माणसे एकाच विद्यापीठात भेटणे ही आपल्या शहराची मोठी सोय आहे. मात्र प्रत्येक विद्याशाखेला भिंतीचा एकेक तुकडा वाटून देणे टाळावे, कारण तसे केले की चार छोटी प्रदर्शने शेजारी-शेजारी उभी राहतात. दोन वेगळ्या शाखांतील व्यक्तींनी मिळून एकच काम करावे, अशी अट सुरुवातीलाच घालावी: पाण्याच्या पातळीच्या नोंदी आणि रहिवाशांच्या आवाजातील कथन एकाच मांडणीत यावे.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ती परवानगीची. छोटाउदेपूर भागातील राठवा या आदिवासी समाजाचे पिठोरा चित्र घ्या. नवस फेडताना ते घराच्या ओसरीच्या भिंतीवर काढले जाते. शेण-मातीने भिंत सारवण्यापासून लखाऱ्याने चित्र रंगवण्यापर्यंत आणि बडव्याने विधी करण्यापर्यंत सारे त्यात येते. त्यामुळे दालनाच्या पांढऱ्या भिंतीवर ‘पिठोरा काढून द्या’ असे सांगणे म्हणजे पूजेतला एक भाग तोडून मागणे होय. काही कलाकार कागदावर किंवा कापडावर प्रदर्शनासाठी चित्रे काढतातही, पण काय दाखवावे आणि काय दाखवू नये, याचा निर्णय त्यांच्याकडेच राहिला पाहिजे. त्यांच्या नावाला मिळणारे स्थान, मानधन आणि प्रवासखर्च विद्यापीठातील कलाकारांइतकेच असावे. मानधन अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहावे, उरलेल्या पैशांतून देऊ नये.

रावपुरा किंवा दांडिया बाजारातील जुन्या मराठी घरांतून छायाचित्रे, जमाखर्चाच्या वह्या किंवा जुनी लुगडी मिळतात. आजींनी ट्रंक उघडली, तरी वस्तू लगेच उचलून आणू नये. आधी कथा ऐकावी, मग वस्तूची अवस्था नोंदवून छायाचित्रे काढावीत, परतीची तारीख लिहावी आणि मराठीत किंवा गुजरातीत समजेल असा कागद सही करून घरच्यांकडे द्यावा. कापड, जुनी छायाचित्रे आणि जलरंग यांच्यावर 50 लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपासच प्रकाश ठेवावा. मूळ वस्तू नाजूक असेल तर प्रत मांडावी आणि तसे स्पष्ट लिहावे.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेंटीमीटरवर असावा, पण मुलांसाठी आणि चाकाच्या खुर्चीवरून पाहणाऱ्यांसाठी काही कामे मुद्दाम खाली लावावीत. फलकावरील मजकूर गुजराती आणि मराठीत आधी लिहावा, इंग्रजीत नंतर. पुरात घर गमावलेल्या माणसाला ‘विस्थापनाचे सौंदर्यशास्त्र’ वाचावे लागू नये. फलक छापण्याआधी तो त्यालाच वाचून दाखवावा.

वेळेचाही विचार हवा. दिवसभर कामावर असलेली माणसे दुपारी दालनात येऊ शकत नाहीत, म्हणून आठवड्यातून काही दिवस रात्री आठपर्यंत आणि रविवारी दालन उघडे ठेवावे. विद्यापीठाच्या फाटकावर ओळखपत्र विचारले जात असेल, तर सुरक्षारक्षकांना आधी माहिती द्यावी, किंबहुना त्यांना उद्घाटनाचे आमंत्रण द्यावे. ज्यांनी वस्तू दिल्या त्यांच्यातील काही जणांनी स्वतः मार्गदर्शक म्हणून प्रदर्शन दाखवावे, आणि त्या वेळेचेही मानधन द्यावे.

प्रदर्शन उतरवण्याचे वेळापत्रक मांडणीच्या वेळीच तयार असावे. वस्तू परत करताना सुरुवातीची छायाचित्रे शेजारी ठेवून अवस्था पुन्हा तपासावी, ध्वनिमुद्रणाची एक प्रत बोलणाऱ्याच्या घरी पोहोचवावी आणि विद्यापीठात राहणाऱ्या प्रतीचा वापर कोण, कशासाठी करू शकेल, हे त्या व्यक्तीच्या लेखी संमतीनेच ठरवावे.