प्रभूची इच्छा कशी ओळखायची? ऐरोलीच्या तरुण मंडळींसाठी

३१ डिसेंबरच्या रात्री उपासना संपली की आमच्याकडे वचनाच्या चिठ्ठ्या निघतात. परातीत दुमडलेली कार्डं, प्रत्येकाने एक उचलायची, ते त्याचं वर्षाचं वचन. ज्याला यिर्मया २९:११ मिळतं त्याची तर चैनच: 'तुमच्याविषयी माझे जे संकल्प आहेत ते मी जाणतो.' बारावीची पोरं ते कार्ड मोबाइलच्या कव्हरमध्ये घालून फिरतात. फिरा बापडे. पण घरी जाऊन अख्खा अध्याय वाचा.

तो अध्याय म्हणजे पत्र आहे. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून पाठवलेलं. दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगणारा हनन्या नावाचा संदेष्टा तेव्हा लोकप्रिय होता. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. देवाचा संकल्प खरा, पण तो अख्ख्या लोकांचा, आणि मधल्या काळातलं काम अगदी रोजचं. तुमच्या नीटच्या निकालाबद्दल त्यात काही नाही.

नर्सची नोकरी संपल्यापासून शुक्रवारची प्रार्थना सभा माझ्याच घरी असते. सभा आटोपून चहा झाला की कोणीतरी मागे रेंगाळतं. 'मावशी, प्रभूची इच्छा आहे हे कळायचं कसं?' प्रश्न तीनच असतात: लग्न, नोकरी, परदेश. पुन्हा पुन्हा सांगते ते एकदा लिहून काढते आहे.

आधी एक समजूत काढून टाका. देवाची योजना म्हणजे ठाणे स्टेशनच्या इंडिकेटरवर लागलेली एकच वाशी लोकल, चुकली की आयुष्य गेलं, असं बायबलमध्ये कुठेच नाही. ख्रिस्ती लोकांत याबद्दल मतभेद आहेत हेही सांगते. रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्यांची १५६३ची हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी म्हणते की पाऊस आणि दुष्काळ, आरोग्य आणि आजार, काहीच योगायोगाने येत नाही, सगळं देवाच्या पितृतुल्य हातून येतं. मेथडिस्ट लोक माणसाच्या निवडीवर जास्त भर देतात. कॅथलिक शिकवण सांगते की देव माणसांच्या कृतीतूनच आपलं काम करतो आणि ती कृती तरीही माणसाचीच राहते. पण निर्णय तुम्हांला घ्यावा लागत नाही, असं यांतलं कोणीच म्हणत नाही.

आता कामाला लागू. पहिल्यांदा बघा, उत्तर आधीच लिहिलेलं आहे का. 'देवाची इच्छा' हे शब्द प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात सरळ वापरतो: तुमचं पवित्रीकरण व्हावं (४:३), सर्व स्थितीत उपकारस्तुती करावी (५:१८). मीखा ६:८ तर पाठच करा: न्यायाने वागणं, दयाळूपणा, देवासमोर नम्रपणे चालणं. एक मुलगी आखाती देशातल्या नोकरीसाठी प्रार्थना करा म्हणून आली होती. बोलता बोलता कळलं, एजंट दोन वर्षांच्या अनुभवाचं खोटं प्रमाणपत्र करून देणार होता. यावर प्रार्थना कसली करायची? तिला म्हटलं, याचं उत्तर दहा आज्ञांत आहे, आधी तो कागद फाड.

मग येतं 'दार उघडलं'. देवाने काय केलं ते सभेत उभं राहून सांगतो, त्या आपल्या साक्षींमधला हा सगळ्यांत लाडका शब्द. व्हिसा मिळाला, दार उघडलं. मुलाकडच्यांनी नकार दिला, दार बंद झालं. पौलाचं काय झालं ते बघा. इफिसात तो लिहितो, मोठं दार उघडलं आहे आणि विरोधकही पुष्कळ आहेत (१ करिंथ १६:९). म्हणजे अडचण आली याचा अर्थ दार बंद, असं नाही. आणि त्रोवस शहरात दार उघडलेलं असताना त्याचा सहकारी तीत याची भेट झाली नाही, मनाला चैन पडेना, म्हणून तो निघून गेला (२ करिंथ २:१२-१३). दोन्ही उतारे एकत्र वाचले की कळतं, दार ही फक्त माहिती आहे. विचारात घ्या, तिला आज्ञा समजू नका.

आपल्या ठाण्याचंच घ्या. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू इथे मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस त्यांच्यातला एक. इराणच्या आखाताजवळच्या होर्मुझ बंदरातून निघताना त्यांना दक्षिणेला कोल्लमला उतरायचं होतं, थॉमसला तर पुढे चीन गाठायचा होता. वाऱ्याने जहाज ठाण्याला आणलं आणि इथल्या अधिकाऱ्याच्या हुकमाने त्यांचा शेवट झाला. जॉर्डनस नावाच्या साधूने त्यांना सोपाऱ्यात पुरलं. काही वर्षांनी ओडोरिक नावाच्या दुसऱ्या फ्रान्सिस्कनाने त्यांच्या अस्थी उचलल्या आणि चीनला नेल्या. आता सांगा, तो वारा म्हणजे उघडलेलं दार की बंद झालेलं? तलावपाळीवर आइस्क्रीम खाताना हा प्रश्न मी पोरांना घालते, आणि ती गप्प होतात.

खुणा मागू नका. इस्राएलला शत्रूपासून सोडवायला नेमलेल्या गिदोनाने देवाकडे खूण मागून रात्री लोकर ठेवली, सकाळी एकदा ती ओली हवी, एकदा कोरडी (शास्ते ६), पण काय करायचं ते त्याला आधीच सांगितलेलं होतं. त्याची फक्त छाती होत नव्हती. प्रेषितांनी येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाला चिठ्ठ्या टाकून निवडलं. त्यानंतर पवित्र आत्मा आला, आणि प्रेषितांच्या कृत्यांत पुन्हा चिठ्ठ्या पडलेल्या दिसत नाहीत. बायबल डोळे मिटून उघडायचं आणि बोट ठेवायचं, हा प्रकार तर बंदच करा.

माझ्याबरोबर नाइट ड्यूटी करणाऱ्या एका कॅथलिक सिस्टरने मला जेज्विट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची निर्णय घेण्याची रीत शिकवली, ती मी आपल्या मंडळीतही बिनदिक्कत सांगते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून पडलेला हा सैनिक. अंथरुणात तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा: दरबार आणि पराक्रमाची, किंवा संतांसारखं जगण्याची. दोन्ही रंगवताना मजा यायची. पण पहिली संपली की मन कोरडं पडायचं, दुसरी संपल्यावरही प्रसन्न राहायचं. त्याने हा फरक टिपला. तुम्हीही करून बघा. आयर्लंडला जायचं ठरलं आहे असं समजून चार दिवस काढा. मग नाही जायचं असं समजून चार दिवस. रोज रात्री दोन ओळी लिहा. उत्साह नव्हे, तो ओसरल्यावर मागे काय उरतं ते लिहा. त्याचे आणखी दोन प्रश्न आहेत: हाच पेच घेऊन अनोळखी माणूस आला तर त्याला काय सल्ला द्याल? मरणाच्या वेळी कोणता निर्णय घेतलेला असावा असं वाटेल? आणि एक नियम: मन खचलेलं असताना आधीचा निर्णय फिरवायचा नाही. लागोपाठच्या नाइट करून मी अनेकदा राजीनामा लिहिला आहे, म्हणून हा नियम मला फार पटतो.

विचारा, पण कोणाला? ज्यांना तुमच्या निर्णयाची झळ बसणार त्यांना आधी. मग पाळकसाहेबांना, आणि तुमच्या तोंडावर 'नाही' म्हणू शकेल अशा एखाद्याला. 'प्रभूने मला दाखवलं आहे, तू याच मुलाशी लग्न कर' असं सांगणारं कोणी भेटलं तर चहा पाजा आणि निरोप द्या. ज्याचं लग्न, त्याला प्रभूने काहीच का सांगितलं नाही?

एवढं केलं की ठरवा. याकोब ४:१५ सांगतो तसं 'प्रभूची इच्छा असेल तर' म्हणा आणि फॉर्म भरा. शेवटची तारीख टळेपर्यंत प्रार्थना करत बसणं हाही निर्णयच असतो, फक्त तो तारखेने घेतलेला असतो.

उरलं सगळ्यांत अवघड. योसेफ सतरा वर्षांचा असताना भावांनी त्याला विकलं. मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा तो तीस वर्षांचा होता, आणि भाऊ धान्यासाठी आले ते त्याहून कितीतरी पुढे. बाप याकोब वारल्यावर तो त्यांना म्हणाला, तुम्ही वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं योजलं. हे तो स्वतःच्या दुःखाबद्दल बोलला, तेही सगळं होऊन गेल्यावर. विकण्याआधी त्याला खड्ड्यात टाकलं होतं, तेव्हा वरून भावांनी हेच वाक्य म्हटलं असतं तर? वॉर्डात मी नेमकं तेच ऐकलं आहे. मूल गेलेल्या आईला नातेवाईक म्हणायचे, 'देवाचीच योजना, ताई.' कृपा करून हे कोणाला म्हणू नका. मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. अशा घरी गेलात तर डबा न्या, भांडी घासा, कागदपत्रांची धावपळ करा. अर्थ लावायचा असेल तर ती आई लावेल, तिच्या वेळेला, किंवा लावणारही नाही.

शुक्रवारी या. परदेशी नोकरीचा प्रश्न असेल तर कराराची प्रत आणि एजंटच्या पावत्या घेऊन या. आधी आपण ते वाचू, प्रार्थना त्यानंतर.