वाट चुकण्याआधी: पुण्याहून डोंगरात जाणाऱ्यांसाठी नकाशा, होकायंत्र आणि तयारी

वाट चुकल्याचं लक्षात येतं तेव्हा ती चुकून बहुधा अर्धा तास झालेला असतो. पुढचा जातोय म्हणून मागचे जातात, ढोरवाट ठळक दिसते म्हणून पुढचा तिच्यावर वळतो, आणि कारवीत शिरून वाट संपली की सगळे एकदम मोबाइल काढतात. म्हणून दिशा राखण्याचं काम वाट पायाखाली असतानाच करायचं असतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी नकाशावर बोट ठेवून "आपण आत्ता इथे आहोत" असं सांगता आलं पाहिजे. पुढचं सगळं या एका सवयीसाठी आहे.

नकाशा आणि त्यात न दिसणारे कडे

आपल्या कामाचा नकाशा म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा, ज्याला ट्रेकर मंडळी टोपोशीट म्हणतात. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की ओपन सिरीजच्या नकाशांच्या पीडीएफ मिळतात. या प्रमाणात २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर आणि १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. एक शीट १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढाच भाग दाखवतं, त्यामुळे ट्रेक दोन शीटांवर पसरलाय का हे आधी बघा. राजगड-तोरणा हे याचं नेहमीचं उदाहरण. १८ अंश १५ मिनिटांचा अक्षांश या दोन गडांच्या मधून जातो, त्यामुळे राजगड एका शीटवर आणि तोरणा दुसऱ्यावर येतो. एकच शीट घेऊन निघालात तर धारेच्या मध्यावरच कागद संपतो.

छापताना 'फिट टू पेज' बंद करा. ते चालू राहिलं तर नकाशा गुपचूप आक्रसतो आणि पट्टीने मोजलेलं प्रत्येक अंतर चुकतं. छापून झाल्यावर नकाशावरच्या प्रमाणपट्टीवर साधी फूटपट्टी ठेवून १ किलोमीटर खरंच २ सेंटीमीटर भरतो का ते पाहा. प्रिंट लेझरची घ्या, कारण इंकजेटची शाई पावसात उतरते. कागद पारदर्शक प्लास्टिक फोल्डरमध्ये घालून, आजचा भाग वर येईल असा दुमडा आणि हाताशी ठेवा. सॅकच्या तळाशी गेलेला नकाशा दिवसभर कोणी बाहेर काढत नाही.

आता समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. आपल्याकडच्या शीटांवर त्या साधारणपणे २०-२० मीटरच्या अंतराने असतात (समासात लिहिलेलं असतं, वाचून घ्या). रेषांची 'व्ही'सारखी टोकं चढाच्या दिशेने वळलेली असली तर तिथे ओढा किंवा घळ आहे, उताराच्या दिशेने वळलेली असली तर सोंड किंवा धार. दोन उंचवट्यांच्या मध्ये रेषा दोन्हीकडून आत दबल्या असतील तर ती खिंड. दोन मिलिमीटरांत सहा रेषा कोंबलेल्या दिसल्या तर शंभर मीटर आडव्या अंतरात शंभर मीटर चढ आहे, म्हणजे ४५ अंशांचा उतार. वाट दाखवलेली नसेल तर तिथून जायचा विचार सोडा.

एवढं कुठल्याही डोंगराला लागू पडतं. सह्याद्रीचा घोटाळा पुढे आहे. हा डोंगर लाव्हाच्या थरांनी बनलाय: एक कडा, मग सपाट पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. बारा-पंधरा मीटरचा कडा २० मीटरच्या दोन रेषांमध्ये सहज मावतो आणि नकाशावर त्याचा मागमूसही राहत नाही. कागदावर मध्यम उतार दिसतो, प्रत्यक्षात पाच मजली इमारतीएवढी भिंत समोर येते. त्यामुळे दोन पदर जोडायचे असतील तर वाट कुठल्या नाळेतून (अरुंद घळीतून), कुठल्या सोंडेवरून किंवा कुठल्या खिंडीतून चढते ते आधी हेरून ठेवायला हवं. मधूनच सरळ उतरायची कल्पना इथे चालत नाही.

नकाशावरच्या तुटक पाऊलवाटांवर अर्धाच विश्वास ठेवा. सर्वेक्षणानंतर रस्ते झाले, काही घाटवाटा वापराअभावी मोडल्या. धारा, खिंडी आणि मोठे ओढे मात्र जागच्या जागी असतात, म्हणून मार्ग त्यांच्या आधाराने आखा.

वेळेचा हिशोब

१८९२ पासून वापरात असलेला नेस्मिथचा नियम अजूनही उत्तम पाया आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ९ किलोमीटर आणि ७५० मीटर चढ असेल तर १ तास ४८ मिनिटं अधिक १ तास १५ मिनिटं, म्हणजे तीन तास. हा हिशोब थंड हवेतल्या, सलग चालणाऱ्या तयारीच्या माणसाचा आहे. आपल्या उन्हात, आठ-दहा जणांच्या गटासाठी त्याला दीडने गुणा आणि साडेचार तास धरा. जेवण आणि गड पाहणं वेगळं. नव्या माणसाला घसाऱ्यावर (सुट्या दगड-मातीच्या निसरड्या उतारावर) उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, हे विसरू नका.

मग उलट मोजा. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. मावळायच्या किमान एक तास आधी मळलेल्या वाटेवर पोचायचं ठरवलं, की परत फिरायची वेळ आपोआप निघते. ती कागदावर लिहा आणि निघण्याआधी सगळ्यांना सांगा. ती वेळ झाली की माथा अर्ध्या तासावर असला तरी वळायचं. हे डोंगरात ठरवायला गेलात तर 'आलोच आहोत तर' म्हणणारे नेहमी जिंकतात.

त्याच कागदावर टप्पे मांडा. प्रत्येक टप्प्यासाठी चार गोष्टी पुरतात: अंतर, दिशा, लागणारा वेळ, आणि टप्पा ओलांडून पुढे गेलो तर काय दिसेल. चौथी गोष्ट लोक गाळतात आणि तीच सर्वांत उपयोगी असते. "खिंडीतून डावीकडे, चुकून पुढे गेलो तर वाट उतरायला लागून ओढा आडवा येईल" एवढं लिहिलेलं असलं, की ओढा दिसताक्षणी पाय थांबतात.

होकायंत्र

पारदर्शक पट्टीचं, फिरती तबकडी असलेलं होकायंत्र घ्या. वापर तीन पायऱ्यांचा आहे. नकाशावर पट्टीची कड 'आहोत' पासून 'जायचंय' पर्यंत ठेवा, पट्टीवरचा बाण जायच्या बाजूला. मग तबकडी फिरवून तिच्या आतल्या रेषा नकाशाच्या उभ्या ग्रिड रेषांना समांतर करा, उत्तर नकाशाच्या माथ्याकडे. शेवटी होकायंत्र छातीसमोर आडवं धरा आणि सुईचं लाल टोक तबकडीवरच्या उत्तरेच्या खुणेत बसेपर्यंत स्वतः वळा. आता पट्टीचा बाण दाखवेल तिकडे जायचं. त्या रेषेतलं एखादं झाड किंवा कातळ हेरा, तिथवर चाला, पुन्हा बघा. सुईकडे बघत चालू नका.

सर्वांत मोठी चूक बरोबर १८० अंशांची होते: बाण उलटा ठेवला जातो किंवा तबकडीची उत्तर नकाशाच्या तळाकडे राहते. त्यावर उपाय म्हणजे आकडा (तबकडीवर बाणाच्या रेषेत वाचायचे दिशेचे अंश) काढण्याआधी "साधारण नैर्ऋत्येला जायचंय" असं तोंडाने म्हणणं. आकडा ईशान्येचा निघाला तर चूक लगेच पकडली जाते.

पुण्याच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, तो सोडून द्या. काळा कातळ मात्र सोडून देऊ नका. या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, आणि वीज पडलेल्या माथ्यावर किंवा कड्याला टेकून सुई बरीच भलतीकडे वळू शकते. शंका आली तर वीस-तीस पावलं बाजूला जाऊन पुन्हा वाचन घ्या. दोन्ही आकडे जुळले तरच खरं. मोबाइल, पॉवर बँक आणि ट्रेकिंगची काठीही हातभर लांब ठेवा.

सराव वेताळ टेकडीवर करा. हवा स्वच्छ असेल त्या सकाळी देवळाजवळून सिंहगडावरचा टीव्ही टॉवर दिसतो. त्याचा आकडा २०० अंशांच्या आसपास यायला हवा. पर्वतीचा साधारण १४० येईल. आता उलट जा: २०० मधून १८० वजा करून २०, आणि १४० मध्ये १८० मिळवून ३२०. नकाशावर सिंहगडापासून २० अंशांची आणि पर्वतीपासून ३२० अंशांची रेषा ओढली की त्या जिथे छेदतात तिथे तुम्ही उभे आहात. छेद भलतीकडे आला तर पुन्हा करा. चार रविवार हे केलं तर हात बसतो.

सूर्यावरून दिशा काढणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला आहोत, म्हणून पुण्यात सूर्य माध्यान्हीला येतो तो सरासरी साडेबाराच्या थोडं पुढे. आणि मेच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंत भर दुपारी तो डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत 'दुपारची सावली उत्तरेकडे' हा नियम उलटतो. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून १८-१९ अंशांवरच असतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठींएवढा. उत्तरेला डोंगर असेल तर दिसणारही नाही.

मोबाइल

जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशाला लागतं. म्हणून ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारख्या ॲपमध्ये तो भाग घरीच उतरवून घ्या, विमान मोड लावून उघडून बघा, आणि निघाल्यापासून ट्रॅक (चाललेल्या वाटेची रेषा) नोंदवत राहा. स्वतःचा ट्रॅक परतताना सर्वांत भरवशाचा. दुसऱ्याची जीपीएक्स फाइल (त्याने नोंदवलेला ट्रॅक) घ्यायची तर ती नकाशावर टाकून तपासा: कड्याशेजारी रेषा वेडीवाकडी उड्या मारत असेल तर तिथे सिग्नल परावर्तित झालाय. त्या रेषेवर डोळे मिटून चालायचं नाही. नेटवर्क शोधण्यात बॅटरी लवकर उतरते, तेव्हा दिवसभर विमान मोडच ठेवा. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० चा फोन दोनदा पूर्ण भरत नाही, एकदा भरून थोडी उरते.

वाटेवर

ढोरवाट आणि माणसांची वाट यांतला फरक शिकायलाच हवा. ढोरवाट उतारावर आडवी जाते, एकीच्या चार होतात, आणि ती गवताकडे किंवा पाण्याकडे नेते. फांद्या कमरेएवढ्या उंचीवर आडव्या येत असतील तर तिथून माणसं जात नाहीत. माणसांच्या वाटेवरचे दगड तळव्यांनी गुळगुळीत झालेले असतात, चढावर ती नागमोडी होते आणि तिचा रोख खिंडीकडे, देवळाकडे किंवा गावाकडे असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात खांद्याएवढ्या गवतात दोन्ही लपतात, आणि उन्हाळ्यात वणव्यानंतर जळालेल्या उतारावर नसलेल्या वाटा दिसतात. दगडांवरचे रंगीत बाण धरून चालताना तो बाण आपल्याच गडाचा आहे ना, एवढं पाहा.

गावात विचारताना प्रश्न नीट विचारा. "मामा, ही वाट गडावर जाते ना?" म्हटलं तर भिडेखातर "जाते की" असं उत्तर येतं. "मामा, गडावर जायला कुठून जायचं? पुढं वाट फुटते तिथं कुठल्या हाताला?" असं विचारा. किती वेळ लागेल याचं उत्तर मिळालं तर ते सांगणाऱ्याच्या चालीचं आहे हे समजून दुप्पट धरा.

कात्रज-सिंहगड लोक रात्री करतात. तिथे टेकड्या मोजण्यात घोळ होतो, दिवे बघणं सोपं. सिंहगडाकडे तोंड असताना पुण्याचे दिवे उजवीकडे आणि खेड शिवापूरच्या बाजूचे, महामार्गाचे दिवे डावीकडे हवेत. शहराचे दिवे समोर आले तर तुम्ही मुख्य धार सोडून उत्तरेच्या एखाद्या सोंडेवरून उतरताय. तिथूनच मागे फिरा.

चुकलंच तर

थांबा, बसा, पाणी प्या. शेवटची खात्रीची जागा कुठली आणि तिथून किती मिनिटं चाललो ते ठरवा, आणि आलेल्या वाटेनेच तिथे परत जा. अंदाजाने आडवं कापून 'खरी वाट' गाठायला गेलात तर ती शेवटची खात्रीची जागाही हातची जाते. खुणा नसलेल्या रानात किंवा धुक्यात माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो. चकवा लागला म्हणतात तो हाच. माथा मोकळा दिसत असेल तर धारेवर चढा, वरून गाव आणि रस्ता दिसतो, बऱ्याचदा फोनही लागतो.

ओढ्याने खाली उतरू नका. 'ओढा धरला की गाव लागतं' हे सपाटीवर खरं असेल. इथे तोच ओढा प्रत्येक थरावर धबधबा होतो. पहिला टप्पा घसरत उतरता येतो, दुसरा कसाबसा, तिसऱ्याला खाली पन्नास मीटर मोकळं असतं आणि मागचे दोन परत चढता येत नाहीत. माणसं अशीच अडकतात.

अंधार पडला तर जागा धरून थांबा. त्यासाठी प्रत्येकाकडे स्वतःचा हेडटॉर्च आणि जास्तीचे सेल, शिट्टी, विंडचीटर, ओआरएस, हिवाळ्यात किमान तीन लिटर आणि एप्रिल-मेमध्ये चार ते पाच लिटर पाणी हवं. मदतीसाठी शिट्टीचा संकेत ठरलेला आहे: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीनचं येतं. तेच टॉर्चने करता येतं. फोन लागला तर ११२, आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आधीच सेव्ह करून ठेवा. बोलताना सर्वांत आधी अक्षांश-रेखांश सांगा, मग किती जण, काय झालंय, बॅटरी किती. एसएमएसही पाठवा, कारण बोलणं तुटतं तिथेही तो कधी कधी जातो. त्यानंतर जागा सोडू नका.

टप्प्यांच्या कागदाची दुसरी प्रत पुण्यात एका माणसाकडे द्या: कुठून चढणार, कुठे उतरणार, किती जण, गाडीचा नंबर, आणि "रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर अमुक ठिकाणी कळव" अशी नेमकी वेळ. बेत बदलला तर नेटवर्क आहे तोवर त्याला कळवा, आणि खाली पोचल्याबरोबर पहिला फोन त्यालाच करा.