समीक्षकांनी नाकारलेल्या ‘हुक’ची बाजू कशी मांडावी

कधीच मोठा न होणारा, उडणारा मुलगा पीटर पॅन मोठा होऊन बाप झाला तर काय, अशी कल्पना मांडणारा स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘हुक’ हा चित्रपट डिसेंबर १९९१ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा बहुतेक समीक्षकांनी तो लांबलेला, गोंगाटाचा आणि भाबडा ठरवला. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला चारपैकी दोन तारे दिले आणि पीटर पॅनच्या कथेत काही नवे शोधता न येणे हा त्याचा मुख्य दोष सांगितला. पुढे खुद्द स्पीलबर्ग यांनीही आपल्याला हा चित्रपट आवडत नसल्याचे बोलून दाखवले. त्यामुळे त्याची बाजू घेणाऱ्याने आपण नेमक्या कोणत्या आक्षेपाला उत्तर देणार आहोत, हे आधी ठरवावे. माझ्या मते उत्तर द्यायचे ते ईबर्ट यांच्या आक्षेपाला, कारण तो सर्वांत गंभीर आहे आणि नेमका तोच टिकत नाही.

काही युक्तिवाद मात्र सुरुवातीलाच बाजूला ठेवावेत. चित्रपटाने जगभरात सुमारे तीस कोटी डॉलर मिळवले, ही प्रेक्षकसंख्येची साक्ष झाली, गुणवत्तेची नव्हे. ऑस्करची पाच नामांकने कारागिरीचा आणि एका गाण्याचा गौरव करतात, कथेचा नाही. लहानपणी तो आवडला होता, हे कितीही खरे असले तरी समोरच्याला त्याने काहीच पटत नाही.

त्यानंतर मूळ नाटकाकडे जावे. जे. एम. बॅरी यांचे ‘पीटर पॅन’ २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स रंगमंचावर आले, तेव्हा पीटरसोबत नेव्हरलँड या कल्पित बेटावर जाणाऱ्या वेंडीचे आणि तिच्या भावांचे वडील मिस्टर डार्लिंग आणि तिथल्या चाच्यांचा (समुद्री लुटारूंचा) म्होरक्या कॅप्टन हुक या दोन्ही भूमिका जेराल्ड द्यू मॉरिए या एकाच नटाने केल्या होत्या, आणि पुढे हा प्रघातच पडला. घरातला बाप आणि समुद्रावरचा चाचा ही मुलाच्या नजरेत एकाच माणसाची दोन रूपे असतात, ही त्यामागची सूचकता ‘हुक’ने उचलली आणि उलटी करून दाखवली. इथला पीटर (रॉबिन विल्यम्स) कंपन्या गिळंकृत करणारा वकील आहे. त्याच्या कामाचे वर्णन ऐकून म्हातारी वेंडी (मॅगी स्मिथ) तो स्वतःच चाचा झाल्याचे त्याला सुनावते. मुलाच्या, म्हणजे जॅकच्या, बेसबॉलच्या सामन्याला तो स्वतः पोहोचत नाही, चित्रीकरणासाठी कार्यालयातला माणूस पाठवतो. पुढे हुक (डस्टिन हॉफमन) जॅकला पळवून नेव्हरलँडमध्ये नेतो, तिथे त्याच्यासाठी सामना भरवतो, त्याला बापावरचा राग घड्याळांवर काढू देतो आणि बापाची रिकामी जागा हळूहळू बळकावतो. बाप चाचा झाला आहे आणि चाचा बाप होऊ पाहतो आहे. ही मांडणी बॅरींच्या नाटकात नाही.

दुसरा मुद्दा उड्डाणाचा आहे आणि तो सावकाश, पुरेसा वेळ देऊन सांगावा. उडण्यासाठी आनंदाचा विचार लागतो, ही अट बॅरींचीच. पण इथे पीटरला सापडणारा विचार मुलाच्या जन्माचा आहे. मोठे व्हायचे नाही म्हणून घर सोडलेला मुलगा बाप झाल्याच्या आठवणीने पुन्हा उडतो. मूळ कथेचा अर्थ इथे पूर्ण फिरतो, आणि तरीही तिच्या एकाही नियमाचा भंग होत नाही.

नेव्हरलँड खोटे, नाटकी दिसते, या तक्रारीला मेजवानीच्या दृश्यातून उत्तर देता येते. बॅरींच्या कादंबरीत खोटे-खोटे जेवण पीटरला इतके खरे वाटते की त्यानेही त्याचे पोट भरते. चित्रपटात तशाच पंगतीत ज्याला रिकामी भांडी रिकामीच दिसतात असा एकटा पीटरच असतो. रंगमंचावर जन्मलेल्या कथेला स्टुडिओत उभारलेली रंगीत दुनिया शोभते, असे मला मनापासून वाटते. तरी हा मुद्दा फार ताणू नये, कारण नेव्हरलँडमधल्या मुलांच्या वस्तीतले स्केटबोर्ड आणि बास्केटबॉल आज केवळ त्या काळची टूम वाटतात.

जे खरोखर फसले आहे, ते समोरच्याने काढण्याआधी आपणच मान्य करावे. दोन तास वीस मिनिटांची लांबी जाणवते. टिंकरबेल या परीच्या प्रेमाचे उपकथानक वगळले असते तर काहीही बिघडले नसते. सर्वांत मोठी चूक नेव्हरलँडमधल्या मुलांचा म्होरक्या रूफियो याच्या मृत्यूची आहे: तुझ्यासारखा बाप मला हवा होता, असे पीटरला सांगून तो मुलगा प्राण सोडतो आणि थोड्याच वेळात चित्रपट घरवापसीच्या आनंदात रमतो. बापपणाविषयीच्या चित्रपटाने असे करणे हा गंभीर दोष आहे, आणि त्याचे समर्थन करायला गेल्यास आपल्या इतर मुद्द्यांवरचा विश्वासही उडतो.

समोरची व्यक्ती चित्रपट पुन्हा पाहायला तयार असेल, तर सगळा पाहण्याचा आग्रह धरू नये. घड्याळे फोडण्याचे दृश्य, बेसबॉलचा सामना आणि पीटरचे उड्डाण एवढेच एका बैठकीत दाखवावे, आणि मगच ईबर्ट यांचा आक्षेप पुन्हा चर्चेला घ्यावा.