कुलूप घेण्याआधी कोयंडा बघा

1996 सालची गोष्ट. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला स्टोअरपाशी गेलो, तर कुलूप खिडकीच्या कठड्यावर ठेवलेलं. बंदच होतं. मालकांनी मुद्दाम मागवलेलं आठ लिव्हरचं पितळी कुलूप, त्यावर साधा ओरखडा नव्हता. कोयंड्याचा अर्धा भाग त्यात तसाच अडकलेला आणि काढलेले चारही स्क्रू शेजारी ओळीने मांडलेले. गडी निवांत असावा. गनमेटलच्या बुशांची दोन पोती आणि कार्बाइड इन्सर्टच्या 26 डब्या घेऊन गेला होता.

तेव्हा मला स्टोअरमध्ये चार वर्षं झाली होती. पुढे त्याच कारखान्यात, कोल्हापुरात शिरोलीला, आणखी 25 वर्षं काढून 2021 ला निवृत्त झालो. आता शिरोली आणि गोकुळ शिरगावचे लहान वर्कशॉपवाले अधूनमधून बोलावतात, "अण्णा, कुलपांचं जरा बघून जा." तिथे जे सांगतो ते इथे लिहितोय. ऑफिस असो, गोदाम असो, की चार लेथचं शेड असो, फारसा फरक पडत नाही.

पहिलं काम दुकानात जायचं नाही. एक स्क्रूड्रायव्हर, एक पाना आणि एक पहार घ्या आणि आपल्याच बंद दाराबाहेर उभे राहा. किल्ली नाही असं समजा. आता बघा, काय खोलता येतंय?

कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसतात का? दिसत असले तर कुलूप कितीही भारी असो, माझ्या त्या आठ लिव्हरसारखंच होणार. कोयंडा असा हवा की पट्टी बंद केल्यावर तिच्याखाली सगळे स्क्रू झाकले जातील. त्याहून चांगलं म्हणजे स्क्रू नकोतच. गोल डोक्याचे, खाच नसलेले बोल्ट आरपार घालायचे, आतून लोखंडी पट्टी द्यायची, नट आवळायचे आणि बोल्टचे उरलेले आटे हातोडीने ठोकून बसवायचे. दार लोखंडी असेल तर सरळ वेल्डिंग. वर्कशॉपवाल्याला ते फुकटात पडतं, तरी करत नाही कुणी. दुसऱ्यांची गेट करून देणाऱ्याच्या स्वतःच्या शेडला तारेने बांधलेला कोयंडा मी पाहिलाय.

मग बिजागऱ्या. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीची पिन बाहेरच्या बाजूला येते. खालून पंच लावून दोन ठोके दिले की पिन वर निघते आणि दार कुलपासकट उलट्या बाजूने उघडतं. पिनेच्या टोकाला वेल्डिंगचा एक ठिपका द्या. लाकडी दार असेल तर बिजागरीकडच्या कडेला बोटाएवढ्या दोन लोखंडी खुंट्या बसवा आणि त्यांच्यासमोर चौकटीत भोकं पाडा. दार लागलं की खुंट्या भोकांत जातात. मग पिन काढली तरी दार हलत नाही.

तिसरी चौकट. मॉर्टिस लॉकची, म्हणजे दाराच्या पोटात बसवलेल्या कुलपाची, जीभ ज्या भोकात जाते, तिथली पत्र्याची पट्टी बहुतेक ठिकाणी अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर असते. लाथ बसली की तेवढं लाकूड फाटतं. लांब स्क्रू घालून ती पट्टी चौकटीच्या पोटात खोलवर धरा. शटर असेल तर मधल्या एका कुलपावर विसंबू नका. मधे पक्कं असलं तरी कडा उचलल्या जातात. दोन्ही बाजूंना खाली, काँक्रीटमध्ये बसवलेल्या कड्यांत कुलपं हवीत.

एवढं झाल्यावर कुलपाकडे या.

दुकानदार पहिल्यांदा लिव्हर सांगतो. सहा, सात, आठ. लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटातल्या पातळ पट्ट्या. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी नेमकी तेवढीच उचलतो, जरा कमी नाही की जरा जास्त नाही, तेव्हाच आतला बोल्ट सरकतो. ही युक्ती इंग्लंडमधल्या रॉबर्ट बॅरनची, 1778 ची. दाराच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे कुलपाच्या ज्या भागात किल्ली जाते त्यात, पट्ट्यांऐवजी स्प्रिंगवर बसवलेल्या पिनांच्या जोड्या असतात. योग्य किल्ली घातली की सगळ्या जोड्यांमधली फट एका रेषेत येते आणि सिलिंडर फिरतो. तो अमेरिकेतल्या येल बापलेकांचा. बापाचं पेटंट 1848 चं, मुलाने 1861 ला त्याला आजचं रूप दिलं. आपल्याकडे अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तो 1897 ला, आणि अलीगढच्या गल्ल्यांतून तर अजूनही देशभर कुलपं जातात.

लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप लावलेलं असायचं. उघडून दाखवेल त्याला 200 गिनी बक्षीस. कित्येक दशकं ते कुणाला जमलं नाही. 1851 च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडलं, त्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. ही गोष्ट मी प्रत्येक वर्कशॉपवाल्याला ऐकवतो. कारण शिरोलीतला चोर 51 तास बसणार नाही. त्याच्याकडे दहा मिनिटं आणि पहार असते. तेव्हा आठवी लिव्हर घेण्याऐवजी ते पैसे पोलादाला द्या.

पोलाद तपासायला कानस घेऊन जा. कुलपाची वरची वाकडी दांडी कडक केलेली असेल तर कानस नुसती घसरते. धरली, चमकदार रेघ उठली, की ती मऊ दांडी समजा, ती करवतीने कापली जाईल. दुकानदार ओरडेल. ओरडू दे, दांडीच्या खालच्या टोकाला घासा. मग बघा, कुलूप लावल्यावर दांडी आणि कोयंडा यांत किती फट राहते. बोट जात असेल तर पहारीचं टोकही जाईल. मोठ्या कोयंड्याला मोठं कुलूप आणि लहानाला लहान, नुसतं वजनदार बघून घेऊ नका. जी कुलपं किल्लीशिवाय दाबून खटकन लागतात ती सोयीची खरी, पण त्यातल्या स्वस्त मालात दांडी फक्त स्प्रिंगवर अडकलेली असते. बाहेरच्या दाराला किल्ली फिरवल्याशिवाय लागतच नाही असं कुलूप बरं. गडबडीत किल्ली आत विसरायचा प्रश्नही मिटतो.

एक तपासणी फार कमी लोक करतात. डझनभर कुलपं एकदम घेतलीत ना? मग काउंटरवरच एकाची किल्ली दुसऱ्याला लावून बघा. स्वस्त मालात दातांचे प्रकार थोडेच असतात. एकदा आमच्या बाराच्या खोक्यात तीन कुलपं एका किल्लीने उघडली. परत केली.

कोल्हापूरच्या पावसात उघड्यावरचं कुलूप दोन सीझनमध्ये गंजतं. किल्लीचं भोक खाली येईल असं टांगा आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा झडपेसारखा सोडा. तेल घालू नका. आमच्याकडे फाउंड्रीची काळी वाळू हवेत असते. तेल आणि वाळू मिळून आत असा लगदा होतो की किल्ली मोडल्याशिवाय राहत नाही. ग्राफाइटची पूड घाला. ती नसेल तर शिसपेन्सिल किल्लीच्या दातांवर घासा आणि किल्ली चार वेळा आत-बाहेर करा.

ऑफिसचे ड्रॉवर आणि कपाटं याबद्दल थोडक्यात. त्यांची कुलपं चोरासाठी नसतात, येता-जाता हात घालणाऱ्यासाठी असतात. पुष्कळ कुलपांच्या तोंडावरच एक नंबर कोरलेला असतो आणि त्या नंबरावर नवी किल्ली मिळते. म्हणून मायक्रोमीटर, इन्सर्ट, कोरे चेक असलं काही तिथे ठेवू नका. नंबरचं कुलूप वापरत असाल तर तीन आकडी म्हणजे एकूण 1000 शक्यता. लंचच्या सुट्टीत कुणी शांतपणे फिरवत बसलं तर निघतं. आणि निम्मे लोक तर दुकानातून आणलेला 000 बदलतच नाहीत.

आता किल्ल्या. कोयंडा बदलल्यावर आमच्याकडे दाराची चोरी परत झाली नाही. पुढची चोरी किल्लीने झाली. गोदामाची किल्ली महिनाभर तीन हातांत फिरत होती आणि कुणाकडे कधी होती ते कुणालाच सांगता येईना. कोणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. संशय मात्र तिघांवर राहिला, त्यात दोघं तरी निर्दोष असणार. त्या दिवशी संध्याकाळी शंभर पानी वही आणली.

वहीत चार रकाने पुरतात: किल्लीचा नंबर, कोणी नेली, किती वाजता, परत कधी. सही प्रत्येक वेळी, मालकांचीसुद्धा. मालकांनी सही केली की बाकीचे कुरकुरत नाहीत, आमच्या साहेबांना हे पटवायला दोन महिने लागले. किल्लीच्या बिल्ल्यावर "गोदाम मागचं दार" असं लिहू नका, फक्त नंबर घाला. जुडगा रस्त्यात पडला तर सापडणाऱ्याला पत्ता कळता कामा नये. जादा किल्ल्या पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, जोडावर सही करून तिजोरीत ठेवा. वॉचमनकडे फक्त त्याला लागतात तेवढ्याच द्या. मास्टर किल्लीचा मोह मोठा असतो, पण ती एक हरवली की सगळी दारं एकदम गेली.

आणि किल्लीवाला स्टँडजवळ पाच मिनिटांत नक्कल करून देतो, हे लक्षात ठेवा. किल्ली परत आली म्हणजे ती एकच होती असं नाही. म्हणून किल्ली बाळगणारा माणूस सोडून गेला, तो कितीही सज्जन असो, की त्याच दिवशी सिलिंडर बदला. आजकालच्या दारांच्या सिलिंडरला सोपं आहे. दाराच्या कडेला जिभेच्या खाली एक लांब स्क्रू असतो तो काढायचा, किल्ली घालून थोडीशी फिरवायची आणि सिलिंडर ओढून घ्यायचा. नवा घेताना दाराची जाडी मोजून घ्या. बाहेरच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरहून जास्त पुढे आला तर पकडीत धरून मोडता येतो. टांगायची कुलपं बदललीत तर जुनी टाकून द्यायची गरज नाही, ती झाडू-फिनाइलच्या कपाटाला लावा.

ज्या बाबतीत मी भांडलो ती आता. रात्रपाळीला माणसं आत आणि वॉचमन शटरला बाहेरून कुलूप घालून चहाला, हे आमच्या भागात सर्रास चालायचं. माल बाहेर जाऊ नये म्हणून. 25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्ट कारखान्याला आग लागली, तेव्हा जिन्याचं दार याच कारणासाठी कुलूपबंद होतं. 146 माणसं गेली, बहुतेक तरुण मुली. माणूस आत असेल तर बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय, एका झटक्यात उघडलं पाहिजे. छातीने ढकलल्यावर उघडणारी आडवी दांडी मिळते, ती बसवा. बाहेरून ते दार बंदच राहतं. आम्ही ती बसवली त्या आठवड्यात वॉचमन माझ्याशी बोलत नव्हता.

मशीनच्या दुरुस्तीचं लाल कुलूप हा वेगळा विषय, पण एक ओळ लिहितो. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचं आणि एकुलती एक किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. तिघं काम करत असतील तर कुलपंही तीन.

बोटाच्या ठशाचं मशीन बसवू का, असं हल्ली सगळे विचारतात. बसवा, हजेरीला चांगलं. पण ग्राइंडिंगवाल्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, रोज सकाळी दारात रांग लागते. चुंबकावर धरलेलं दार वीज गेली आणि बॅटरी संपली की आपोआप सुटतं. आग लागली तर ते बरोबरच आहे, म्हणून तसंच ठेवतात. पण रात्री शेड रिकामं झाल्यावर त्याच दाराला किल्लीचं कुलूपही हवं.

निवृत्तीनंतर वर्षभराने बायकोला माझ्या जुन्या दाढीच्या डब्यात एक किल्ली सापडली. बिल्ला नव्हता, पण दात बघून ओळखली. स्टोअरचं मागचं दार. वहीत ती कधी चढलीच नव्हती. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी एसटीने शिरोलीला गेलो आणि नव्या स्टोअरकीपरच्या हातात दिली. पोरगं हसलं. म्हणालं, "अण्णा, लावून तर बघा." किल्ली अर्ध्यात अडकली. मी निवृत्त झालो त्याच संध्याकाळी त्याने सिलिंडर बदलला होता.