तासाला पोरांचं लक्ष फोनवरून वहीवर कसं आणायचं

सगळ्यात आधी फोन कुठे राहणार ते ठरवा, बाकी सगळं नंतर. बाकावर उलटा ठेवलेला चालणार नाही आणि खिशात व्हायब्रेटवर तर अजिबात नाही, कारण खिशात एकदा गुर्र झालं की पोरगं बघतं फळ्याकडे पण डोक्यात कोणाचा मेसेज असेल हेच चालू. सायलेंट करून सॅकमध्ये, सॅक बाकाखाली, एवढा नियम पुरतो, फक्त तो रोज हजेरीच्या आधी सांगायचा, कंटाळा न करता. जप्त करायच्या भानगडीत मी पडत नाही, त्यात तास जातो, पोरगं महिनाभर तोंड फुगवून बसतं आणि स्क्रीनला ओरखडा गेला तर पालक दारात. ज्याच्या घरी कोणी आजारी आहे त्याने आधी सांगावं, त्याचा फोन माझ्या टेबलावर, आला की बाहेर जाऊन बोल. आणि हो, आपला फोनसुद्धा आत, पोरं हे बरोबर हेरतात.

डिग्रीच्या वर्गात लॅपटॉप चालत असेल तर ती मुलं शेवटच्या रांगेत बसवा. कॅनडात साना, वेस्टन आणि सेपेडा यांनी 2013 मध्ये छापलेल्या प्रयोगात लेक्चर चालू असताना लॅपटॉपवर भलतंच करणाऱ्यांचे मार्क तर घसरलेच, पण जे बिचारे कागदावर लिहीत होते आणि ज्यांना समोर ती स्क्रीन दिसत होती त्यांचेही 17 टक्क्यांनी कमी आले.

आता खरं काम. फोन सॅकमध्ये गेला म्हणजे लक्ष आलं असं नाही हो, हात रिकामा राहिला की तो परत चेनकडे जातोच. म्हणून वर्गात शिरल्या शिरल्या फळ्यावर कालचे दोन प्रश्न लिहायचे, वही बंद, आठवून उत्तर लिहा. नुसतं परत वाचण्यापेक्षा आठवायला लावलं की जास्त दिवस टिकतं, रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे दाखवून दिलंय, आणि पहिली पाच मिनिटं जो गोंधळ असतो तोही मिटतो.

मग सलग पंधरा मिनिटांच्या वर बोलायचं नाही. मी अकरावीला बुक कीपिंग शिकवतो, तिथे मी फळ्यावर मुद्दाम चुकीची नोंद टाकतो. मालकाने घरखर्चासाठी दुकानातून 5000 रुपये नेले, आणि मी लिहितो घरखर्च खातं नावे, रोख खातं जमा. मग म्हणायचं यात घोळ आहे, शेजाऱ्याशी बोला, दोन मिनिटं. कोणीतरी म्हणतं सर बरोबरच आहे, लगेच बाजूची पोरगी म्हणते अरे धंद्याचा खर्च आहे का तो, मालकाने स्वतःसाठी नेले म्हणजे उचल खातं येणार ना! भांडू द्या त्यांना, उत्तर लगेच सांगू नका, त्या दोन मिनिटांत फोन कोणाला आठवत पण नाही.

प्रश्न विचारताना नाव शेवटी घ्या. आधी प्रश्न, मनात पाच अंक मोजा, मग नाव. आधीच नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटले.

तरी एखादा बाकाखाली बघत असतोच. लांबून ओरडू नका, शिकवत शिकवत त्याच्या बाकापाशी जाऊन उभे राहा, तेवढ्यानेच बहुतेक वेळा भागतं. रोजचंच असेल तर तास संपल्यावर एकट्याला विचारा. माझ्या अनुभवात अशा पोरांपैकी बरीच मागच्या धड्यातच अडकलेली असतात, पुढचं काही कळत नाही म्हणून फोन काढतात, त्यांना ओरडून काय उपयोग, बसवून तो धडा परत सांगावा लागतो.

फोन लागणार असेल, म्हणजे क्विझ वगैरे, तर स्पष्ट सांगा, आता काढा, आणि झालं की सगळ्यांचे आत गेल्याशिवाय पुढे बोलू नका. फळ्याचा फोटो तासाच्या शेवटीच, तोवर हाताने लिहायचं. आणि नोटीस, असाइनमेंट हे वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकताना कॉलेज सुटल्यावर टाका, नाहीतर शेजारच्या वर्गात दुसऱ्या सरांचा तास चालू असताना पोरांचे फोन आपल्याच मेसेजने वाजतात.